मर्यादवेलीने धरलेली वाळू

मालाडच्या बाजारात मी जिच्याकडून मासे घेते, ती कोळीण मावशी पाय मुरगळल्यामुळे दोन आठवडे आली नव्हती. म्हणून एका रविवारी मी कांदिवलीहून तिच्या घरी गेले. घर अगदी समुद्रालगत. मागच्या दारी कमरेएवढा वाळूचा उंचवटा आणि त्यावर जांभळ्या फुलांची वेल पसरलेली. बोलता बोलता मी वेलीचं एक टोक ओढलं.

"ए, उपटू नको गं!" मावशी ओरडली. "मर्यादवेल आहे ती. तिने वाळू धरलीय म्हणून घर उभं आहे."

मी ओशाळले, पण मनातून पटलं नाही. एवढीशी वेल समुद्राला काय अडवणार?

मावशीने शेजारच्या खोल्या दाखवल्या. तिथे उतरणाऱ्या पर्यटकांना समुद्र दिसावा म्हणून शेजाऱ्याने खोल्यांमागचा उंचवटा सपाट केला होता. मागच्या वादळात त्याच्या खोल्यांत गुडघाभर पाणी शिरलं. मावशीचा ओटा मात्र कोरडा राहिला.

"पण मावशी, एवढी वाळू आणली कुणी?"

"वाऱ्याने. बघायचंय? काटक्या रोव."

वादळाने हैराण झालेला शेजारीही तयार झाला. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही सुक्या काटक्या आणि झावळ्या ओळीने रोवल्या. पुढचे कितीतरी रविवार मी दुपारच्या वाऱ्यात तिथे उकिडवी बसून बघत होते. वाळूचे कण जमिनीलगत सरपटत यायचे, काटकीशी वारा मंदावला की तिथेच पडायचे. आधी प्रत्येक काटकीमागे वाळूचं शेपूट तयार झालं, मग शेपटं एकमेकांत मिसळली. मे संपेपर्यंत काटक्या जवळजवळ बुडाल्या.

पावसाळ्यात एका उधाणाने त्यातली अर्धी वाळू नेली. मी तर रडकुंडीला आले.

"वेडी आहेस का?" मावशी म्हणाली. "लाटांनी वाळू खाल्ली, म्हणून खोल्या वाचल्या. नेलेली आणून देईल समुद्र."

खरंच, दिवाळीनंतर गेले तर किनारा पुन्हा रुंद झाला होता आणि कोरडी वाळू काटक्यांकडे सरकत होती. शेजारी स्वतः वेलीचे तुकडे लावत बसला होता. मीही त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, "प्रत्येक पेराला मूळ फुटतं का हो?"

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "आठवड्याने उकरून बघू."