कुमुदने भरून परत केलेले डबे

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मी कुरकुरतच उचलला. त्या वेळी मला फोन करायची हिंमत कुमुदशिवाय कुणाची नव्हती. पण बोलत होता तिचा भाचा, अभय. "काकू, मावशी गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. "अरे, काल संध्याकाळी तर माझ्याशी कडाकडा भांडली!" असं मी त्याच्यावरच ओरडले. त्याला आता दीड महिना होईल. रडून झालं. आज लिहायला बसले आहे ते रडगाणं गायला नव्हे. कसबा पेठेतली माझी मैत्रीण, रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, एका बलाढ्य परदेशी कंपनीला भिडली आणि चक्क जिंकली, हे चार लोकांना कळलं पाहिजे म्हणून लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. कुमुद म्हणायची, नाव घेतलं की फुकट जाहिरात होते.

कंपनी टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं बनवायची. आमच्याकडे सगळे त्याला 'गेमचा डबा' म्हणत. खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्याच एकीत अभय नोकरीला होता, आणि राहायला कुमुदकडेच. चाळिशीचा घोडा, पण शनिवार-रविवार त्या डब्यासमोरून हलायचा नाही. एक दिवस तो डबा बंद पडला. दुकानदार म्हणाला, दुरुस्त होत नाही, नवा घ्या. त्याचे स्क्रू असे विचित्र की आपल्याकडचा एकही पेचकस लागेना, आणि आत म्हणे सगळं चिकटवलेलं. कुमुदनं तो भंगारात देऊन टाकला आणि अडगळ गेली म्हणून खूशही झाली. आठवडाभरानं नदीकाठानं येताना तिला पत्र्यावर तारा जाळत बसलेली, भंगार वेचणारी हिराबाई दिसली. शेजारी अभयचं स्टिकर लावलेलं त्या डब्याचं झाकण! कुमुद तशीच माझ्या घरी आली. चहासुद्धा घेतला नाही. "तारेवरचं प्लास्टिक जाळलं की काय निघतं, ते मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं गं," ती म्हणाली, "आणि ते विष त्या बाईच्या नाकाशी नेऊन ठेवलं ते मीच." कुमुदला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन हिराबाईकडे गेली आणि हे जाळणं बंद करा, असले डबे कंपनीलाच परत घ्यायला लावते म्हणून सांगू लागली. हिराबाई खोकत खोकत हसली. "तांबं काय आपसूक बाहेर येतंय व्हय, बाई? आन् तुमी समदं कंपनीला परत दिलं, तर मी काय खाऊ?" घरी येईपर्यंत कुमुदचं ठरलं होतं. कंपनीनं आपले मेलेले डबे परत घ्यायचे, आणि ते आगीशिवाय उघडायचं काम हिराबाईलाच द्यायचं. दोन्ही गोष्टी एकदम, एकही कमी नाही.

मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली. त्यामुळे पत्रं रजिस्टर करायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभर पत्रं गेली. दर वेळी एकच छापील उत्तर... आमच्या खेळाचा आनंद घेतल्याबद्दल आभार! "मी विषाबद्दल विचारते आहे, आणि हे मला आनंद देताहेत," कुमुद चडफडायची. मी म्हटलं, "सोड आता. पालथ्या घड्यावर पाणी." त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी माझा फराळाचा डबा परत करायला आली. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून तळाशी मूठभर साखर घातलेली. डबा माझ्या हातात देता देता ती थबकली. "आपण त्यांचा डबा त्यांना परत का करत नाही?" म्हणाली. "भरून!"

लगेच तिनं सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, 'बंद पडलेले खेळ आणून द्यावेत.' झालं! लोकांनी फुटके कॅरम, राजा हरवलेले बुद्धिबळ आणि बावन्नातले अडतीस पत्ते आणून टाकले. कुमुदनं खाली एक ओळ वाढवली, 'ज्याला वीज लागत नाही ते घरी परत न्यावे. येथे वखार नाही.' मग कुठे अभयच्या मित्रांकडून सतरा डबे जमले. हिराबाईनं पहारीनं झाकणं उचकटून दिली. आम्ही तिघींनी प्रत्येक डब्यात तिच्या पत्र्यावरची काळी राख आणि जळक्या तारा भरल्या. राखेत काय काय असतं, त्याची चिठ्ठी कुमुदनं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात वर ठेवली.

एका टेम्पोत बसून आम्ही खराडीला कंपनीच्या कार्यालयात पोचलो. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय आहे यात?" कुमुद म्हणाली, "यांचंच आहे. परत द्यायचंय." ते पांढरे शुभ्र सोफे आम्ही डब्यांनी भरून टाकले. धावत एक तरुण साहेब आला, अमरावतीकडचा. "अहो मॅडम, इथे असं ठेवता येत नाही!" कुमुद शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून थोडं घालून आणलंय. उघडून तरी बघा." त्यानं झाकण उचललं. तो उग्र, घशाला झोंबणारा वास त्या गार हवेत पसरला. हिराबाई पुढे झाली. "साहेब, ह्यो वास रोज माझ्या छातीत जातोय." सगळ्या चिठ्ठ्या त्यानं उभ्यानं वाचल्या. मग हळूच म्हणाला, "माझी आईपण साखर घालूनच देते जी..."

त्यानं फोटो काढले आणि डबा भरून परत करायची रीत समजावून ते परदेशी साहेबांना पाठवले. त्यानंतरही वाट पाहावी लागलीच. पण जे पत्र आलं ते छापील नव्हतं, खाली माणसाची सही होती. कंपनी डबे परत घेणार होती, नव्या डब्याला साधे स्क्रू लावणार होती, आणि जुने डबे आगीशिवाय सुटे करायच्या केंद्रावर हिराबाई आणि तिच्या जोडीच्या बायकांना पगारावर घेणार होती. मी आनंदानं अक्षरशः ओरडले. कुमुदनं आधी लाल पेनानं त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका काढल्या, आणि मग माझ्या गळ्यात पडली. पुढं इतर शहरांतही ती सोय झाली. कुणी सत्कार करू म्हटलं की ती म्हणायची, "आधी हिराबाईचा खोकला ऐकून या. आता येत नाही ऐकू." खरंच येत नव्हता.

मागच्या रविवारी मी अभयकडे होते, तेव्हा हिराबाई आली. केंद्राचा निळा गणवेश आणि हातात मोठी पिशवी. डोळे पुसून म्हणाली, "बाईंच्या खोलीत काई बंद पडलेलं आसंल तर द्या. रीतसर नेते." अभयनं खोली उघडली. आम्ही एकेक वस्तू लावून पाहू लागलो. मिक्सर कुमुदच्या पहिल्या पगारातला, तो गरगरला. पाय बदललेला टेबलपंखा फिरला. इस्त्री तापली. पाठीला सुतळी बांधलेल्या रेडिओवर बातम्या लागल्या. पलंगाखालचा हीटर, कपाटावरची बॅटरी, भिंतीवरचं घड्याळ... अर्धा तास गेला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. हिराबाई पिशवीचं तोंड उघडं धरून उभीच. शेवटी तिनं पिशवीची घडी घातली, काखेत मारली.

"न्यायला काई बी नाय," ती म्हणाली. "बाईंचं समदं चालू हाय."