होणाऱ्या जावयाचा गोठा बघायला

आमच्या कोळवण खोऱ्यात मुलगी द्यायची तर आधी मुलाचं घर बघायला जातात. घर म्हणजे भिंती नव्हेत. बापये ओसरीवर चहा पीत बसतात, तेवढ्यात एखादी जाणती बाई मागल्या दारानं गोठ्यात जाऊन येते. जनावराच्या पाठीवर हात फिरवला की कळतं, ह्या घरात पोर सुखात राहील की नाही. आमच्या घरातनं हे काम माझी बायको, मनीषाची आई करायची. गोठ्यात नाक मुरडून तिनं किती सोयरिकी मोडल्या, त्याची गणती नाही. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आता तिच्याच लेकीची वेळ आली, तर गोठ्यात जायला मी एकटा उरलो.

मुलाचं नाव विशाल. उदगीरकडचा, हिंजवडीला आयटीत कामाला. मनीषा उरवड्याच्या कारखान्यात कचेरीत बसते. दोघं कुठं भेटली ते मी विचारलं नाही. तिच्या आईनं विचारलं असेल, पण ती सांगायला नाही. घरातलं माणूस गेलं तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. वर्ष भरत आलं होतं आणि सुपारी फुटायची (लग्न पक्कं व्हायचं) बाकी होती. म्हटलं, फोडायच्या आधी बघून येतो.

मनीषा म्हणाली, "बाबा, तिकडं कुणी बघाया जात न्हाई. आत्ता तर नकोच."

"का? तिकडं जनावरं न्हाईत म्हणून?"

ती गप्प बसली. मी फडक्यात भाकरी-ठेचा बांधला, चंची (पानाचा बटवा) कमरेला खोचली आणि निघालो.

पौडपर्यंत एसटी. वाटेत भाताची खाचरं पोटरीला आलेली, आणि खाचरांच्या मधोमध शहरवाल्यांचे बंगले. बंगल्याला कुलूप, आत एक कुत्रं, आणि कुत्र्याला सांभाळायला आपल्यातलाच एक गडी. हे लोक तिकडं कमावतात, इकडं शांतता विकत घेतात आणि वापरायला येत नाहीत. घेतलेली वस्तू न वापरता ठेवायची, याला आमच्यात कंजूष म्हणतात. त्यांच्यात काय म्हणतात ते ठाऊक नाही.

पुढं घोटावडे फाट्यावरून माण गावाकडं वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) मिळाली. जवळजवळ माझ्या मांडीवरच बसलेल्या गड्यानं विचारलं, "कुटं निघालाय आबा?"

"जावयाचा गोठा बघाया. हिंजवडीला."

जीपभर हसू झालं. गडी म्हणाला, "आयटीवाला जावई? चांदी हाय मग तुमची! पर त्यांच्यात गोठा नसतो, लिफ्ट असती."

"मग श्याण कुटं टाकत्यात?"

"त्ये मेल करत्यात," तो म्हणाला. गडी बरा होता.

माण ओलांडलं आणि जीप थांबली. थांबली ती थांबलीच. पुढं गाड्या, मागं गाड्या, एका गाडीत एक माणूस. शेजारी मोठ्या थंडगार बसगाड्या उभ्या, आणि काचेतनं दिसत होतं ते असं, की भर सकाळी तरणीताठी माणसं माना टाकून झोपलेली. आमच्याकडं या वेळेला शेळीसुद्धा झोपत नाही. मी उतरून चालायला लागलो आणि सगळ्या बसगाड्यांच्या आधी पोचलो.

इमारती सगळ्या काचेच्या. खिडक्या हजार, उघडत एकही नाही. बाहेर देवाचं ऊन फुकट पडलेलं, आत दिवे लावलेले. फाटकातनं जो तो गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला पाटी अडकवून जाणार. आम्हीही बोकडाच्या गळ्यात घंटा बांधतो, पण आमच्या बोकडाला घंटा वाजवून गोठ्यात शिरायची परवानगी मागावी लागत नाही.

फाटकावर बिहारकडचा एक राखणदार होता. त्यानं फडकं सोडायला लावलं, चंची उलटी केली आणि अडकित्ता बाहेर काढला. "बाबा, ये अंदर नहीं जाएगा. हथियार है."

मी म्हणालो, "अरे, सुपारी कातरायचा हाय तो. माझ्या बायकोचा हाय."

"नहीं जाएगा, बाबा."

लग्नापासून तिच्या हातात असलेला अडकित्ता. त्यानं तो खणात टाकला आणि माझ्या सदऱ्यावर कागदाची चिकटपट्टी लावली. बाजारात विकायच्या बोकडाला लावतात तसा रंगाचा पट्टाच म्हणा.

राखणदारानं वर कळवलं, तसा विशाल धावत खाली आला. पाया पडला. "मामा, तुम्ही? फोन तरी करायचा." चेहरा उतरलेला होता. वर पाहुण्याला नेता येत नाही म्हणून त्यानं मला जेवणघरात नेलं. जेवणघर केवढं, तर त्यात आमची वाडी मावेल. बाहेर उकडत होतं आणि आत बायाबापड्या स्वेटर घालून बसलेल्या. ताटातला भात मी चाखून बघितला. दाणा दाण्याला ओळख देत नव्हता. आमच्या इंद्रायणीचा भात शिजला की शेजारच्या घरात कळतं. हा भात ज्यानं खाल्ला त्यालाही कळला नसता.

मी सरळ विषयाला हात घातला. "हितं तुझं काम काय?"

"आधी कोड लिहायचो, मामा. मग सीनिअर झालो, मग लीड, मग मॅनेजर."

"म्यानेजर म्हंजी काय करतो?"

"काम करणाऱ्यांना काम झालं का, ते विचारतो."

"मुकादम म्हण की!"

"मुकादमच." तो हसला. मग समोरचं पाण्याचं भांडं बाजूला सारून म्हणाला, "मामा, रविवारी घरी येऊन सांगणार होतो. मला काढलंय. हा महिना शेवटचा. मनीषाला माहिती आहे."

आत्ता कळलं, पोरगी गप्प का बसली ते.

"काय चोरलंस?"

"काही नाही. काम चांगलं होतं, त्यांनीच लिहून दिलंय. पण माझ्या पगारात नवीन पोरं दोन-तीन येतात."

"वय काय तुजं?"

"तेहतीस."

तेहतिसाव्या वर्षी आमच्याकडं माणसाला पोरगं म्हणतात. इथं म्हातारा बैल ठरवून बाजार दाखवतात. बरं, हाकलतात तेही सरळ नाही. तूच राजीनामा दे म्हणतात. म्हणजे मारायचं, आणि मी आपखुशीनं मेलो म्हणून मढ्याकडूनच वदवून घ्यायचं. खाटीक बरा. तो निदान बोकडाची सही मागत नाही.

मला परत फिरावंसं वाटलं. नोकरी नसलेल्याला लेक द्यायची? आणि नाही म्हटलं तर तीन वर्षं. तीन वर्षं मी टिकेन असा भरवसा मला नाही. आणि मनीषा एकटी त्या घरात. हे कुणाला विचारायचं? विचारायचं माणूस तर गेलं.

इतक्यात एक पोरगी संगणक घेऊन आली. नवीन लागलेली. विशालचं काम आता तिच्याकडं जाणार, आणि जायच्या आधी त्यानंच ते तिला शिकवायचं, अशी इथली पद्धत.

मी म्हणालो, "तुजा घास काढून घेनारीला तूच भरवायचं?"

"तिचा काय दोष, मामा? अडली तर शिव्या तिला बसतील. पाचच मिनिटं."

पाच मिनिटं कसली! मी दोन पानं लावली, सुपारीवाचून, कारण कातरायला अडकित्ता नाही. तो तिला सांगत होता, "हे शुक्रवारी कधी चालू करायचं नाही, शनिवारी रडायला लावतं. हे रात्री बंद पडलं की घाबरू नको, दोन वेळा उठव, तिसऱ्या वेळी उठतं. आणि हे गिऱ्हाईक ओरडतं, पण मनानं वाईट नाही. आधी त्याचं ऐकून घे, मग बोल." ती विचारत होती, हा परत सांगत होता. काही लपवलं नाही. मध्येच माझी भाकरी मोडून त्यानं अर्धी तिच्यापुढं सरकवली. "खा, सकाळपासून तशीच आहेस."

आणि मला आमचं अंगण दिसलं. शेळी विकली की दावं आम्ही ठेवून घेतो, देत नाही. पण मनीषाची आई घेणाऱ्याबरोबर बांधापर्यंत जायची. "ही उजव्या अंगानं धार देती, डावीकडनं बसलास तर लाथ खाशील. हिला पावसात भाईर बांधू नगं. वरडली तर तहान लागली समज." एकदा एका व्यापाऱ्यानं तिला भावात गंडवलं, तरी त्याच्यासोबतही ती बांधापर्यंत गेली. मी चिडलो तर म्हणाली, "त्यानं मला फसवलं, शेळीनं न्हाई."

पोरगी गेल्यावर मी उठलो. "चल, फाटकापातुर सोड मला."

तो मान खाली घालून चालत होता. त्याला वाटलं, सोयरीक मोडली. फाटकावर राखणदारानं अडकित्ता परत दिला. चंचीत एक अख्खी सुपारी होती. ती मी त्याच्या मेजावर ठेवून अडकित्त्यात धरली आणि काड्‍कन फोडली. अर्धी विशालच्या हातावर ठेवली.

"मामा, अहो, नोकरी..."

"तुजी नोकरी न्हाई बघाया आलो. गोठा बघाया आलोय. घ्या तोंडात, जावईबापू."

तो तिथंच उभा राहून रडला. गळ्यात पाटी लावलेली माणसं वळून वळून बघत होती. राखणदार म्हणाला, "क्या हुआ बाबा?"

"शादी," मी म्हणालो आणि त्यालाही एक तुकडा दिला. हत्यारानंच फोडलेली आहे, हेही सांगितलं.

येताना जीप पुन्हा अडकली, त्याबद्दल काय लिहायचं! एवढं जग चालवणारी माणसं तिथं बसतात म्हणे, त्यांना माणची एक वाट चालवता येत नाही. तुम्हाला कुणी आयटीतलं स्थळ सांगितलं तर पगार विचारू नका. तो आज आहे, उद्या राजीनामा आहे. जाताना माणूस आपलं काम कसं सोडून जातो, ते बघून या.

घरी पोचलो तर मनीषा दारात उभी. माझ्या तोंडाकडं बघत होती. मी चंची सोडली. तिच्या आईच्या वाटणीचं सुपारीचं एक खांड आत राहिलं होतं. ते लेकीच्या हातावर ठेवलं.

"भात काडायच्या आत उरकू," मी म्हणालो. "तुज्या आईला गोठा पसंत हाय."