पालथे नाना

नानांचा शर्ट मागून परीटघडीचा आणि पुढून मातीचा असे. जत्रेतल्या कुत्र्यांच्या शर्यतीत फोटो काढायला ते धावपट्टीच्या कडेला सरळ पालथे पडत, म्हणून अख्खं कवठे महांकाळ त्यांना पालथे नाना म्हणे. ते शर्ट धुताना त्यांची बायको जे बोले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नाना मूळचे कोरेगावचे. लग्नानंतर इथं सासुरवाडीतच राहिले आणि आधी लग्नांचेच फोटो काढत. ते काम एक दिवस त्यांनी सोडूनच दिलं. "माणसाला हास म्हटलं की त्ये तोंड वाकडं करतंय, ताई. कुत्र्याला सांगायची सोयच न्हाई, म्हणून त्ये खरं दिसतंय," असं त्यांनी मला ऐकवलं होतं. माझं फ्लेक्स छापायचं दुकान. नाना माझ्याच खुर्चीत बसून माझाच चहा पीत आणि माझ्याच कॉम्प्युटरवर शेकडो फोटो उडवत. कुत्र्याचे चारी पाय हवेत असलेला तेवढाच ठेवायचा. एक जरी टेकला असला तरी म्हणत, "ह्ये तर फिराया निघालंय."

जिंकलेल्या कुत्र्याचा चांगला फोटो मात्र त्यांच्याकडं कधीच नसे. ते रेषेजवळ आलं की मालक, मालकाची भावकी आणि गुलाल एकदमच आत घुसत. शेवटचं कुत्रं एकटं येई. तोवर धुरळा बसलेला असे आणि त्याच्याकडं कुणी बघतही नसे. नाना तेच टिपत आणि विजेत्याच्या फ्लेक्सवर बिनदिक्कत तेच लावायला सांगत. शर्यतीची कुत्री सगळीच सडपातळ, लांब तोंडाची; फरक कुणाला कळत नसे. शिवाय मालक फ्लेक्सवर आधी स्वतःचा चेहरा शोधत. मी एकदा कुरकुरले तर म्हणाले, "लबाडी कसली? पळतंय का न्हाई?" छापत मीच होते, त्यामुळे मला साळसूदपणाचा आव आणता येत नाही.

एका जत्रेत आटपाडीच्या अण्णांचा तुफान पहिला आला आणि आमच्या चौकात त्याचा भला मोठा फ्लेक्स लागला. दुसऱ्याच दिवशी मळ्यातल्या शालनकाकू आपल्या कुत्रीला साखळीनं धरून दुकानात आल्या. नाना चहा बशीत ओतत होते.

"आवं नाना, तुफान म्हणून लावलीया ती माजी चिमणी हाय. डाव्या कानाचा तुकडा न्हाई, बगा की."

चिमणी दर शर्यतीत नेमानं शेवटची यायची. लोकांच्या हसण्याला कंटाळून काकूंचे यजमान तिला रविवारी कुणालातरी देऊन टाकणार होते. "ह्यास्नी एवढंच सांगा, फोटू हिचा हाय म्हणून. मग न्हाईत द्यायचे," असं काकू म्हणाल्या.

खरं सांगितलं तर धंदा बुडणार, हे नानांना माझ्याइतकंच कळत होतं. मी डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होते. त्यांनी बशी संपवली, अण्णांना फोन लावला आणि शालनकाकूंच्या यजमानांनाही चौकात बोलावून घेतलं.

फ्लेक्सखाली गर्दी जमली. "अण्णा, ही शालनची कुत्री," नानांनी जाहीर केलं.

अण्णा तापले. "मग माजा तुफान कुठं हाय?"

नानांनी कॅमेरा पुढं केला. त्यात अण्णांची गुलालानं माखलेली रुंद पाठ होती आणि तिच्या पलीकडं शेपटीचं टोक. "ह्यो हाय की. तुमी जरा बाजूला झाला असता, तर लय भारी आला असता."

सगळा चौक हसला, अण्णा सोडून. काकूंचे यजमान मात्र मान वर करून फ्लेक्सकडं बघतच राहिले होते. "एवढी पळती व्हय ही?" म्हणाले आणि साखळी त्यांनी आपल्या हातात घेतली.

त्यानंतर आटपाडीपर्यंतच्या लोकांनी जुने फ्लेक्स काढून कान, शेपट्या तपासल्या. पुढच्या हंगामात नानांना कुणीही बोलावलं नाही. काही महिने ते नुसताच चहा प्यायला येत राहिले आणि मग मुलाकडं कोरेगावला निघाले. एसटीत चढवताना माझ्यानं राहवलं नाही. "नाना, एका कुत्रीपायी सगळं घालवलंत."

"इतकी वर्सं फोटू लावले, ताई. एकानं तरी आपलं कुत्रं वळखलं का? शालननं वळखलं. तिला खोटं कसं पाडू?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आज येत नाही.

यंदा तुफान पुन्हा पहिला आला. अण्णा दुकानात आले, मोबाइलमधले फोटो दाखवले आणि आपणच ते नापसंत केले. "नानांस्नीच बोलवा. या खेपंला मी लांब हुबा ऱ्हातो म्हणावं."

नाना हिवाळ्यातच वारले, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. अण्णा खुर्चीत बसले आणि बराच वेळ हातातला मोबाइल नुसता उलटसुलट करत राहिले. मग उठून गेले. यंदा चौकात तुफानचा फ्लेक्स लागला नाही.