मोटेचे बैल आणि माझा रहाट

माझ्या हातांना खाज आहे, असं आमच्या घरचं माणूस म्हणतं, आणि ते खोटं नाही. पेन्शनीत निघालो तरी रोज काही ना काही ठोकत, घासत बसलेला असतो. नोकरीत पूल बांधले, रस्ते आखले, पण लाकडावर रंधा फिरून साल गोल गोल सुटते तेव्हाचा आनंद मला कुठल्या पुलानं दिला नाही. लोक विचारतात, हे वेड कधीपासून? अरे बाप्पा, या वेडापायीच तर मी इंजिनियर झालो!

वाशीमला लागून आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, सगळं बाजारात जायचं. विहिरीवर मोट. बैलजोडी उतारावरून खाली चालत गेली की चामड्याची मोट भरून वर यायची, पाणी पाटात पडायचं, मग बैल उलट्या पावलांनी मागं यायचे. त्या उताराला धाव म्हणतात. पुढं-मागं, पुढं-मागं, दिवसभर तेच. हाकायला गडी दणकट लागतो. बाबांची कंबर धरलेली, म्हणून तो गडी मी.

मॅट्रिक झालो आणि नागपूरच्या इंजिनियरिंगच्या शाळेत जागा मिळाली. बाबा म्हणाले, "तू गेला तं मोट कोन हाकीन? तुही माय?"

मला राग चढला. म्हटलं, "मायच हाकीन! बसल्या बसल्या, भाजी निवडत!"

"अबे जाय! तोंडानं सारंच होते. करून दाखव अन् मंग जाय नागपूरले."

बस्स, मला तेवढंच पाहिजे होतं. ड्रॉइंगच्या मास्तरांकडे एका पुस्तकात रहाटाचं चित्र पाहिलं होतं. एक बैल गोल फिरतो, दातेरी चाकं फिरतात आणि गाडग्यांची माळ विहिरीतून पाणी आणते. बाभळीचं लाकूड आणलं, एकेक दाता पटाशीनं कोरला, कुंभाराकडून गाडगी घेतली. अंगठा ठेचला, तहानभूक विसरलो. माय ओरडायची, "जेवाले ये बे, चाक काही पळून नाही जात!"

रहाट उभा राहिला. आजूबाजूचे सगळे माळी तमाशा पाहायला जमले. जोडीतला थोरला बैल जुंपला. बेटा झकास निघाला. गाडगी भरून वर यायला लागली, मी टोपी उडवली. तेवढ्यात धावेइतकं अंतर झालं, बैल थांबला आणि शिस्तीत उलट्या पावलांनी मागं यायला लागला! चाकं उलटी, गाडगी उलटी, पाणी धबाधबा परत विहिरीत.

"काहून रे, विहिरीतलं पानी विहिरीत टाकाले इतकी खटपट?" शेजारचा माळी म्हणाला, आणि मळाभर हशा पिकला.

मी बैलाला चुचकारलं, शिव्या दिल्या, तोंडापुढं कडबा धरला. त्यानं कडबा खाल्ला आणि मागं सरकला. धाकट्यानंही तेच केलं. बाबा तर दुखरी कंबर धरून हसत होते. त्यांना एवढा आनंद व्हायचं काय कारण, ते मला कळेना. माझा नुसता संताप झाला.

शाळा उघडायला आली होती आणि मी रडकुंडीला. रहाटाचा आस करकरत होता, म्हणून वंगणाला तेल आणायला तेल्याकडे गेलो. त्याचा घाणा बंद पडला होता. पण त्याचा म्हातारा बैल? डोळ्यांवर झापड नाही, मागं घाणा नाही, तरी गडी अंगणात आपला गोल गोल फिरतोय! घाण्याचा बैल म्हणजे आपल्याकडे शिवी. मी त्याच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो.

"घेऊन जाय बाप्पा," तेली म्हणाला, "सारं अंगन उकरून राह्यला तो."

दुसऱ्या दिवशी माय रहाटाच्या दांड्यावर मेथीची जुडी घेऊन बसली. बैल फिरला. फिरला तो फिरतच राहिला. पाणी पाटातून थेट वांग्यांपर्यंत गेलं. माय हसत होती, मेथी निवडत होती, मी नाचत होतो.

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी दाते चाचपले, खुंट्या हलवून पाहिल्या. कुठं काही ढिलं सापडेना.

"बाबा, आता जाऊ ना?"

"जाय. बोललो म्हंजे बोललो."

ते पाटाशी वाकले, तोंडावर पाणी मारलं आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. मला वाटलं, उकडत असेल.

"मोटेले मानूस लागते म्हनत होतो," ते हळूच म्हणाले, "तोवर तुले ठेवता येत होतं. इतका चांगला काहून केला बे रहाट?"