अगंच्या पुढचं

दवाखान्यात येणारे सगळे तिला 'कानवाल्या बाई' म्हणत. तळमजल्यावरच्या जाड स्पंज ठोकलेल्या बंद खोलीत ती माणसाला बसवायची, कानांवर हेडफोन चढवायची, हातात बटण द्यायची आणि काचेच्या अलीकडून बारीक बारीक आवाज सोडायची. आवाज आला की त्याने बटण दाबायचं, तिच्यासमोर दिवा लागायचा. मधूनच ती मुद्दाम काही वाजवायची नाही. सतत काळजी करणारी माणसं नेमकी तेव्हा बटण दाबत. त्यांना तिने 'आगाऊ कान' असं नाव ठेवलं होतं, आणि घरी येऊन लेकीसमोर ती त्यांच्या नकला करायची. स्वतःच्या कानांची मात्र बाईंना भारी घमेंड.

तिचा नवरा गेला तो भरदिवसा, आंघोळीला गेलेला असताना. उभ्या संसारात त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. "अगं, चष्मा कुठाय?" "अगं, दार लाव." त्या दिवशी न्हाणीघरातून नुसतं "अगं" आलं. "आले, आले" म्हणत ती धावली, दार ढकललं, तोवर सगळं आटोपलं होतं. त्याचं पुढचं वाक्य राहूनच गेलं.

ते "अगं" मात्र घरातून गेलं नाही. दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना अचानक यायचं. आवाज त्याचाच, थोडा घाईतला. ती जाऊन बघायची. फरशी कोरडी, नळ बंद, आणि स्वतःच्या हाताने लावलेलं दार किलकिलं. अंगावर सर्रकन काटा यायचा. मग त्याचं अर्धवट वाक्य ती स्वतःच पुरं करायची. अगं, लेकीची गाडी उलटली. अगं, लेक शुद्धीवर नाही. चांगलं काही त्या वाक्यात कधी येतच नसे. जिवंतपणी बिचारा असं अभद्र कधी बोलला नव्हता, पण गेलेल्या माणसाच्या तोंडी वाट्टेल ते घालता येतं.

लेक मालाची गाडी चालवायची. इकडे "अगं" आलं की तिकडे आईचा फोन वाजलाच. "पोचलीस का? बरी आहेस ना? आवाज असा का येतोय?" लेकीने आधी समजून घेतलं, मग ती चिडायला लागली. एकदा तिने फोन उचलला नाही, तर बाईंनी थेट तिच्या मालकाला गाठलं आणि भर रस्त्यात गाडी थांबवायला लावली. लेकीची चारचौघांत शोभा झाली.

आणि एका दुपारी लेक निघाली तशी परत आली. कपाळावर टेंगूळ, हातात गाडीचा निखळलेला आरसा.

"वळणावर होते. तुझा फोन वाजला, खाली बघितलं आणि गाडी खांबावर गेली. आई, माझं काही बरंवाईट झालं ना, तर ते तुझ्या फोनमुळे होईल."

बाईंनी तो आरसा तिच्या हातातून घेतला. "अगं पण, यांनी हाक मारली होती मला."

इतके दिवस पोटात ठेवलेलं असं एकदाचं बाहेर पडलं. लेक हसली नाही. आईचा हात धरून तिने तिला दवाखान्यात नेलं. जेवणाची सुट्टी होती, खोली रिकामी होती.

"बस आत. आज मी वाजवते."

जड दार लागलं आणि बाहेरचं जग कापल्यासारखं तुटलं. आधी एक बारीक शिट्टी आली. तिने बटण दाबलं. मग काही वेळ तिच्याच छातीतली धडधड. मग "अगं." इतक्या जवळून, की मानेला ओलसर वाफ लागली. तिने बटण दाबलं. पुन्हा "अगं." पुन्हा बटण. काचेपलीकडे लेकीचा चेहरा उतरत चालला होता.

लेकीने दार उघडलं. "आई, पहिली शिट्टी सोडली तर मी काहीच वाजवलं नाही."

"म्हणजे माझेच कान आगाऊ?"

"ते मला माहीत नाही. येतही असतील बाबा. पण ते नुसतं 'अगं' म्हणतात. पुढचं सगळं तू लावतेस. परवा मला लांबची फेरी आहे, फोन बंद ठेवणार आहे मी. त्या दिवशीसुद्धा मालकाला फोन केलास तर मी वेगळी खोली घेऊन राहीन. खरंच जाईन."

परवाच्या दुपारी "अगं" आलं. तिचा हात फोनवर गेला, मालकाचा नंबरही निघाला. अगं, घाटात लेकीची... तिने निकराने ते वाक्य तिथेच तोडलं, फोन उशीखाली कोंबला आणि न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, काय ते पुरतं सांगा. आता मी माझ्या मनचं काही लावणार नाही."

आत कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटलं. मग तेही वाटेनासं झालं. ती वाट बघत राहिली. हळूहळू छातीतली धडधड बसली, घामही वाळला, आणि तेव्हा तिला कळलं की आतून आता काहीच येणार नाही. भीती गेली होती, पण जाताना ती त्याचा आवाजही घेऊन गेली होती.

"बोला ना हो," ती काकुळतीने म्हणाली. "काहीही बोला."

संध्याकाळी लेक आली ती धडधाकट, धुळीने माखलेली. आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती, डोळे सुजलेले.

"आई! काय झालं?"

"तुझे बाबा गेले गं," ती म्हणाली, आणि लेकीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली.