पाहुण्यांना पाजलेलं पाणी

आमच्या बेटावर पाहुणा आला की आधी हाक जायची ती तोआकायला. गावच्या मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, चटई कुणाला कुठे टाकायची, फुलांचा मुकुट आधी कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे. आणि पाहुणे तर उठसूट येत. कधी पाणीवाले, कधी आरोग्यवाले, कधी समुद्र किती चढला ते मोजणारे. एका महिन्यात तिन्ही येऊन गेले, तिघांनी तेच प्रश्न विचारले आणि पाहुणचारात गावाची तीन डुकरं कामी आली.

"यांचं एकमेकांशी बोलणं नाही का गं?" तोआकाय सुनेला म्हणायची. "की भांडलेत?"

भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मग राजधानीत सगळ्या संस्था एका टेबलाभोवती बसल्या. ठरलं असं, की यापुढे एकच पथक फिरेल, एकच फॉर्म भरेल आणि तोच सगळे वापरतील. ज्या गावाचं पाणी वाईट, त्याला पावसाचं पाणी साठवायची मोठी टाकी मिळेल. शहाणपणाचीच गोष्ट होती, नावं ठेवायला जागा नव्हती. आम्हाला तर डुकरं वाचली याचाच आनंद झाला.

त्या साली सहा महिने पाऊस नव्हता. विहिरी मचूळ आणि गढूळ झाल्या होत्या. चर्चच्या पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्याच्या तोआकायच्या घरी दोनच बाटल्या उरल्या होत्या, त्याही सात महिन्यांच्या नातवासाठी, बाउरोसाठी. सुनेचं, रोसारिनचं, दूध आटलेलं. बाउरो पावडरच्या दुधावर होता आणि त्याचा बाप परदेशी जहाजावर. अशात पथक आलं. दुष्काळात तेरावा महिना.

जेवणं झाली. पथकातला उंच पाहुणा दुभाषी बाईकरवी म्हणाला, "तुम्ही रोज पिता ते पाणी मला प्यायला द्याल का?"

सगळ्या म्हाताऱ्यांनी तोआकायकडे पाहिलं. आता पाहुण्याच्या पुढ्यात विहिरीचं पाणी कोण ठेवेल? आमच्याकडे घरातलं माणूस उपाशी झोपेल, पण पाहुण्याला वाईट ते वाढणार नाही. तोआकाय उठून घरी गेली.

"आई, त्यातलं नका ना देऊ," रोसारिन म्हणाली.

"अगं, दोन घोट पितील. आणि ढग बघ किती आलेत. संध्याकाळी भरून घेऊ."

उकडत फार होतं. तिघा पाहुण्यांनी दोन्ही बाटल्या संपवल्या.

"गोड आहे," उंच पाहुणा म्हणाला. "हेच पिता तुम्ही?"

गावचे वडीलधारे इओबाकाका यांनी भुवया वर केल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ हो. बायका मागे बसल्या होत्या. मानेआबात म्हाताऱ्यांसमोर त्या बोलत नाहीत. पाहुण्याने फॉर्मवर खूण केली. गावाची लाज राखली म्हणून तोआकायला त्या घडीला बरंच वाटलं होतं, आणि हेच तिला पुढे सगळ्यात जास्त खुपत राहिलं.

ढग न बरसता गेले. सकाळी तोआकायने विहिरीच्या पाण्यात दूध कालवलं. उकळलं होतं, पण बाळ रडत होतं, घाई होती. नीट उकळलं की नाही ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. चौथ्या दिवशी बाउरोला जुलाब लागले. नर्सने मीठ-साखरेची पुडी दिली. "स्वच्छ पाण्यात घालून पाजा."

"कुठल्या?" रोसारिनने विचारलं.

नवव्या दिवशी बाउरो गेला. त्याला घराशेजारीच पुरलं आणि वर किनाऱ्यावरचे पांढरे खडे पसरले.

टाक्यांच्या यादीत आमचं गाव नव्हतं. इओबाकाकांनी पाणीवाल्यांना रेडिओवरून विचारलं, मग आरोग्यवाल्यांना, मग समुद्रवाल्यांना. उत्तर एकच आलं: तुमचं पाणी चांगलं आहे, कागदावर तसं लिहिलंय. पूर्वी एकाने चूक केली तर दुसऱ्याच्या तरी ती नजरेला यायची. आता तीच एक चूक तिघांच्या कपाटात जपून ठेवलेली होती.

पुढच्या वर्षी तोच उंच पाहुणा फेरतपासणीला आला. जेवणं झाली. त्याने काही मागायच्या आत तोआकायने त्याच्यापुढे विहिरीच्या पाण्याचा पेला ठेवला. तळाशी गाळ दिसत होता.

"तोआकाय, हे काय?" इओबाकाका दबक्या आवाजात म्हणाले. "शहाळं दे त्यांना."

"काका, त्यांनी गेल्या वर्षी हे मागितलं होतं. तेव्हा दिलं नाही, आज देतेय." जन्मात पहिल्यांदा ती मानेआबात बोलत होती. मग ती दुभाषीकडे वळली. "सांग बाई त्यांना. आम्ही हे पितो. तेव्हा ते प्यायले ते माझ्या नातवाचं होतं."

दुभाषी बाईला ते सांगायला वेळ लागला.

"नातू कुठे आहे?" पाहुण्याने विचारलं.

तोआकायने हनुवटीने बाहेरचे पांढरे खडे दाखवले. पाहुण्याने तिकडे पाहिलं. मग त्याने पेला उचलला आणि गाळासकट संपवला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाहुणे होतात," ती म्हणाली.

आठ महिन्यांनी टाकी आली. किल्ली गावाने तोआकायच्याच हाती दिली. ती सगळ्यांना पाणी सोडते, मोजत नाही, कुणाला बोलत नाही. पाहुणे अजून येतात, त्यांनाही ती नळाखाली पेला धरून देते. फक्त रोज सकाळी आधी दोन बाटल्या भरून ती फळीवर ठेवते. रोसारिनने एकदा त्यातली एक घाईत एका पाहुण्यासाठी उचलली, तर तोआकायने ती बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि परत जागेवर ठेवली.