रेमीच्या पाटीखालची साखर

रविवारची दुपारची गर्दी ओसरल्यावर टेबलं पुसताना गोडेलीवच्या हाताला काहीतरी चिकट लागलं. तिने बोट जिभेला टेकवलं आणि होती तिथेच थबकली. साखर. तिच्या कॅफेत, तीही लँबिकच्या ग्लासाशेजारी.

काउंटरच्या वर तिच्या नवऱ्याने, रेमीने, स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी चाळीस वर्षं टांगलेली होती : 'लँबिकमध्ये साखर लागणाऱ्यांनी समोर चर्चच्या हॉलमध्ये जाऊन कॉफी प्यावी.' पूर्वी इकडची म्हातारी माणसं ही आंबट बिअर साखरेचे खडे ठेचून घालून प्यायची. रेमीचा त्याच्यावर फार राग. "पिंपात तीन वर्षं मुरवायची आणि मग गोड करून प्यायची? साखर बिघडलेल्या बिअरला लागते, माझ्या नाही," म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तरी पाटीखाली साखर मागायची कुणाची छाती झाली नव्हती.

मग ही कुठून आली? गोडेलीवने शेजारचं टेबल पाहिलं. तिथेही चार दाणे. खिडकीजवळच्या टेबलाखाली तर अख्खा खडा पडलेला.

बिअर रेमीची, पण कुठल्या ताटाशी कुठला ग्लास हे ठरवायची गोडेलीव. शाळामास्तरांची ही मुलगी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नाक मोठं तल्लख. महिनाभर तळघरात पिंपांशेजारी बसून तिने एकेका बिअरचा वास ओळखीचा करून घेतला. तिच्याकडे प्यायला काय हवं हे कुणी सांगत नसे. खायला काय ते सांगायचं, ग्लास आपोआप येई. पाव, चक्क्यासारखं पांढरं चीज आणि लाल मुळे असतील तर पिंपातली कोवळी लँबिक, सुरईतून. सुक्या आलूबुखाऱ्यात शिजवलेल्या सशाबरोबर चेरी घातलेली. मिठाच्या पाण्यात मुरलेल्या उग्र चीजबरोबर सगळ्यांत जुनी. एकदा एक वकीलसाहेब शिंपल्यांबरोबर काळी गोड बिअर हवी म्हणून हटून बसले. तिने ती आणून ठेवली, शेजारी आपल्या पसंतीचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, "आधी हा. मग तहान उरली तर तो." काळ्या बिअरचा ग्लास भरलेलाच परत गेला.

आणि या जानेवारीत आठवडाभराच्या तापातून ती उठली, तर कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. सूप म्हणजे गरम खारं पाणी. तळघरात उतरून तिने पिंपांना नाक लावलं. काही नाही. भिंतीला लावल्यासारखं.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाक हातांना पाठ होता, ताट-ग्लासाच्या जोड्या डोक्यात पाठ होत्या. सांगितलं असतं तर नणंद ओडिलाने दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं असतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ती दोन वर्षं एकच घोकत होती : "वहिनी, आता बंद कर हे." आणि कॅफे बंद झालं तर गोडेलीवला सकाळी उठायचं कशासाठी ते माहीत नव्हतं.

साखर बिघडलेल्या बिअरला लागते. हातातलं फडकं तसंच घेऊन ती तळघरात उतरली. ईस्टरपासून दर रविवारी ती गिऱ्हाइकांना तिसऱ्या पिंपातली लँबिक वाढत होती. पिंपाच्या बुचाला तिने हात लावला आणि ते अलगद हातात आलं. वाळून आक्रसलेलं. आत हवा शिरत होती, म्हणजे आत आता व्हिनेगर होतं. जिभेला आंबट लागलं होतं तिलाही, पण लँबिक आंबटच असते. चांगलं आंबट की वाईट, हे नाक सांगतं.

पाच रविवार झाले होते. गोडेलीव पायरीवर बसली. बेकरीवाला फेलिक्स गेल्या रविवारी दुसरा ग्लास मागून प्यायला होता. "आज रेमीची आठवण झाली," म्हणाला होता. तिने त्यावर मान डोलावली होती.

ती वर आली तेव्हा ओडिला मुळे साफ करत बसली होती. मांडीवर काळी पर्स.

"ओडिला, पर्स उघड."

"कशाला? त्यात माझ्या गोळ्या आहेत."

"उघड म्हणते ना."

रुमालात बांधलेले साखरेचे खडे. चर्चच्या हॉलमधलेच, कागदासकट.

"दारात एकेकाला दोन देते," ओडिला सुरीकडे बघत म्हणाली. "टेबलाखाली सोलून गुपचूप टाका म्हणून सांगितलंय. त्या फेलिक्सला जमत नाही. सांडतो मेला."

"किती जणांना माहीत आहे?"

"कुणाला माहीत नाही ते विचार. फादरना नाही. ते दूध पितात."

गोडेलीवने खुर्ची ओढली, पण बसायचं राहून गेलं. "आणि तुला कधीपासून?"

"फेब्रुवारीत दूध करपलं. घरभर वास. तू पातेल्यासमोर उभी राहून मला विचारलंस, उकळलं का गं?"

"आणि तू बोलली नाहीस."

"तू बोललीस?"

"तू कुलूप लावशील म्हणून नाही बोलले."

"मी बंद कर म्हणते ते तुझ्या गुडघ्यांसाठी गं. जिन्यावरून पडलीस तर मला कोण जेवायला घालणार?"

"पाच रविवार मी लोकांना व्हिनेगर पाजलं, ओडिला. आणि ते छान म्हणाले."

"जेवण छानच होतं," ओडिला म्हणाली. "शिंपल्यांबरोबर तर चाललंही. चीजबरोबर मात्र बिचाऱ्यांचे फार हाल झाले."

गोडेलीव खाली गेली. चौथ्या पिंपाचं बूच तिने दोनदा ठोकून पाहिलं, घट्ट होतं. एक ग्लास भरून तिने वर आणला आणि नणंदेसमोर ठेवला.

"वास घे. काय येतं?"

"बिअर येते."

"ओडिला."

ओडिलाने डोळे मिटले. "ओलं गवत... आजोबांच्या घोड्याचं खोगीर. आणि मागून लिंबाची साल."

गोडेलीवच्या डोक्यात ताट मांडलं गेलं. तिने पावावर चीज थापलं, एक चिमूट मीठ, वर मुळ्याच्या जाड चकत्या. "आधी घास. मग घोट. घाई नको."

ओडिलाने घास खाल्ला, घोट घेतला आणि ग्लास हातात धरून तशीच बसून राहिली. सत्तरीची बाई, डोळे लहान मुलासारखे झालेले. या कॅफेत तिने आयुष्यभर कॉफीच मागितली होती.

"चाळीस वर्षं हे असं लागत होतं?" ती हळूच म्हणाली. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"रेमीने दिली होती तुला. कॅफे उघडलं त्या पहिल्याच दिवशी. तू त्यात तीन खडे घातलेस." गोडेलीवने मानेने पाटीकडे खूण केली. "ती कुणासाठी रंगवली असं तुला वाटलं होतं?"

ओडिला पाटीकडे बघतच राहिली. मग तिने पर्समधला रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि ग्लास पुढे सरकवला.

"आता सशाबरोबरची आण. तिचाही वास सांगते."